मार्च महिन्याचा फोटो

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्या कपाळावर उभा होता.

खरंच सांगते! भिलाईच्या पॉवर हाउस भागातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात दहा बाय सहाचा माझा चेहरा फरशीवर पसरलेला. आणि एक उंच, सावळा मुलगा मोजे घालून माझ्या दोन भुवयांच्या मधोमध उभा राहून त्या फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकत होता.

"ओ भैया, उतरिए पहले!"

त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत खाली. "अरे... आप ही हैं? सॉरी हां. फोटो में तो गुस्सेवाली नहीं लगतीं आप."

"फोटो खींचते समय मेरे ऊपर कोई चढ़ा नहीं था!"

तो हसला. मिशीच्या आडून, जरा तिरकं. तेवढ्यात, हा फ्लेक्स ज्यांनी सांगितला त्या नरेशकाकांचा फोन आला आणि मी नेहमीच्या सुरात म्हटलं, "हो काका, पाहूनच राहिली मी. नाव बरोबर हाये."

"मराठी हाये तुम्ही?" फोन ठेवताच तो म्हणाला. "मग हिंदीत कावून भांडून राहिल्या?"

भिलाईत आमची मराठी घरातली. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. त्यामुळे अनोळखी मुलाच्या तोंडून ती ऐकली की तो थेट स्वयंपाकघरापर्यंत आल्यासारखा वाटतो. मी उगाचच ओढणी सारखी केली.

तर मी वैभवी रामटेके. एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची नर्स. आमच्या सर्जन सुनिता मॅडम दरवर्षी एका टीमबरोबर दहा दिवस परदेशी जातात, फाटलेल्या ओठांच्या लेकरांची फुकट ऑपरेशनं करायला. यंदा त्यांनी मला नेलं. मादागास्करला! दहा दिवसांत अठ्ठावन्न ऑपरेशनं. मी परत आले आणि पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झालेले माझे पप्पा भेटेल त्याला सांगत सुटले, "माझी पोरगी फॉरेनमध्ये ऑपरेशनं करून आली." मी फक्त कात्र्या-चिमटे हातात देत होते. पण पप्पांना अडवलं नाही. नरेशकाका विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी रविवारी सत्कार ठेवला आणि दोन फ्लेक्स सांगितले. गेटवरचा माझ्या थोबाडाचा, आणि दुसरा स्टेजच्या मागे लावायचा.

"दुसरा बाकी हाये," तो म्हणाला. त्याचं नाव पियूष. "बसा. तुमच्यासमोरच करतो, म्हनजे पुन्हा ओरडनार नाही."

त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं. तेही आपल्या रुमालानं! मी त्याच्या शेजारी बसले. नव्या शाईचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि माउसवर त्याची लांब बोटं... मी स्क्रीनकडे पाहायचं सोडून बोटांकडेच पाहत होते.

स्क्रीनवर मादागास्करची एक पोरगी होती. चार वर्षांची. डावीकडे ऑपरेशनच्या आधीची, उजवीकडे नंतरची. फोटो माझ्याच मोबाइलमधला, मी नेटवर टाकलेला. दोन हजार लोकांनी त्यावर बदाम टाकले होते.

मागची भिंत कापायला पियूषने डावीकडचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि थांबला.

"इथं हात हाये कोनाचा तरी. कापून टाकू?"

फोटोच्या काठाला चार बोटं होती आणि चौकड्यांच्या कापडाचं एक टोक.

"आईचा," मी म्हटलं.

"काय करून राहिली ती?"

"काही नाही... पोरीला धरून आहे."

त्याने आणखी मोठं केलं. "नाही ना," तो हळूच म्हणाला. "तोंडावर कापड ओढून राहिली."

माझे कान तापले. कारण त्याला काय माहीत, मला तर माहीत होतं. त्या आईने लेकीच्या तोंडावर शाल ओढली होती. मी तिचा हात धरून बाजूला केला होता. अगदी प्रेमाने, हसून, एक बोट वर करून... एकच मिनिट! आणि तिने हात खाली घेतला होता. दोन दिवस चालून आलेली बाई ती. ज्यांच्या हातात ऑपरेशन आहे त्यांना नाही कोण म्हणेल? दवाखान्याच्या फायलीतला फोटो वेगळा होता. हा मी माझ्यासाठी काढला होता.

"नाव काय हिचं?" त्याने विचारलं.

मला आठवेना. आठवणार कसं, मी विचारलंच नव्हतं! मनगटावर नंबर होता, एक्केचाळीस.

"मी सांगतो कावून विचारलं," पियूष म्हणाला आणि खुर्ची उजेडाकडे फिरवली. बोटाने मिशी बाजूला केली. नाकापासून ओठापर्यंत एक बारीक पांढरी रेघ होती. मी या कामातली नर्स, आणि मला दिसली नव्हती. मी इतका वेळ त्याची बोटं पाहत होते ना!

"नंदिनी नगरले शिबिर लागलं होतं. मी सहा वर्षांचा. ऑपरेशन एक नंबर झालं. पन ज्यांनी केलं त्यांनी पुढच्या वर्षी कॅलेंडर छापलं. मी मार्चमध्ये होतो. ऑपरेशनच्या आधीचा, नाकातून शेंबूड वाहून राहिला असा. पूर्ण कॉलनीत घरोघरी लटकलो मी. शाळेत सगळे मले मार्च म्हनत. बारावीपर्यंत." तो हसला. "उपकार हायेतच त्यांचे. ह्याच ओठानं जेवतो ना रोज. पन त्या कॅलेंडरचा राग काही जात नाही, बाप्पा."

मी काहीतरी पुटपुटले आणि स्कूटी काढून पळालेच.

दुसऱ्या दिवशी परत गेले. "तो फोटो काढून टाका."

त्याचा चेहरा असा खुलला की मला दुकानात उभं राहणं जड झालं. "मग जागा रिकामी राहीन. काय टाकू?"

"फुलं टाका."

"कमळ की गुलाब?"

"तुम्हाले काय वाटते?"

"मले तर भांडनारी मुलगी टाकावीशी वाटते. पन ती गेटवर हाये आधीच."

"पियूष!"

"अरे वा... नाव माहीत हाये म्हनजे."

आम्ही चहा प्यायलो. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि मला घरी जायची मुळीच घाई नव्हती. दुपारभर तो मोबाइलवर कमळं पाठवत राहिला. निळं, पांढरं, एक तर रागावलेलं, डोळे वटारलेलं! मी थिएटरच्या कपाटाआड उभी राहून एकटीच हसत होते.

आणि शनिवारी मी माती खाल्ली.

काका घरी आले. "फोटोशिवाय स्टेज कसा दिसन? लोकायले समजन कसं, तू केलं काय?" पप्पांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं भट्टीच्या धगीत काढलेल्या माणसाचा एकच तर दिवस होता तो. माझ्याने 'नाही' म्हणवलं नाही. मी पियूषला फोन केला.

"तो फोटोवालाच छापून टाक."

"ठीक हाये मॅडम," तो म्हणाला. "ग्राहक सांगन तसं."

मॅडम! मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडण्याचीही लाज वाटली.

रविवारी विहाराचा हॉल गच्च भरला. पुष्पहार, शाल, जयभीम. पियूष दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. फ्लेक्स बांधायला आला असावा, काम झाल्यावर गेला मात्र नव्हता. माझ्या मागे ती पोरगी सहा फूट उंच, उघड्या तोंडाची. पहिल्या रांगेत पप्पा डोळे पुसत होते. माईक हातात आला तेव्हा पाठ केलेलं भाषण साफ उडून गेलं.

"ह्या मुलीचं नाव मले माहीत नाही," मी म्हटलं. "तिच्या आईनं तिचं तोंड झाकलं होतं. मी तिचा हात बाजूला केला अन् फोटो काढला. तिला विचारलं नाही. अन् मी ऑपरेशन नाही केलं, मी सामान देत होती. नेटवर टाकलेला फोटो मी सकाळी काढून टाकला. हा फ्लेक्स पन उतरवा... मले लाज वाटून राहिली."

नरेशकाका "अरे, अरे" करत उठले. मी पप्पांकडे पाहू शकत नव्हते. पण तेच उठले. स्टेजवर चढले, माझ्याकडे न पाहता डावीकडची दोरी सोडायला लागले. गाठ पक्की होती. दारातून पियूष आला आणि उजवीकडची गाठ सोडली. फ्लेक्स खाली आला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, आणि तेच बरं झालं.

लोक पांगले. मागच्या अंगणात मी त्याला गाठलं. शाल अजून खांद्यावर होती, ती मला टोचत होती.

"माफ केलं ना तू मले?"

"मी कोन माफ करनारा?" पियूष म्हणाला. "ते त्या पोरीजवळ हाये, तिच्या आईजवळ. माझ्याजवळ नाही."

खरंच होतं ते. माझे डोळे भरून आले. तरी तोंडातून निघालंच, "मग तुझ्याजवळ काय हाये?"

तो घुटमळला. हातातली दोरी गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"माझ्याजवळ... तू आवडते मले, एवढंच हाये. काल 'छापून टाक' म्हनली ना, तेव्हाही आवडत होती. त्याचाच तर राग आला होता."

"मलेही," मी म्हटलं. "म्हनजे... तू. आवडतो."

लाज काही कमी झाली नाही. मी मनगटाने नाक पुसलं. सत्कारमूर्ती!

तेवढ्यात मागून पावलं वाजली. पप्पा. काखेत गुंडाळलेला फ्लेक्स, नजर भलतीकडेच. माझ्या भाषणापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"वैभवी," ते घसा खाकरत म्हणाले, "त्या पोराले विचार, जेवला का म्हना."

मी विचारलं.