मऊ बाजू

झीज-चाचणीच्या खोलीतल्या तंत्रज्ञाला सगळे मिलिग्रॅम म्हणत, कारण भाजीवाल्याच्या काट्यावरही तो वाकून बघे. काम तसं कंटाळवाणं. फिरत्या पोलादी चकतीवर बोटभर धातूची कांडी दाबून दोन तास घासू द्यायची आणि दोन्हींची आधीची, नंतरची वजनं लिहायची. घासताना पृष्ठभाग जागोजागी एकमेकांना चिकटतात. सुटताना मऊ बाजूचा कण तुटतो आणि कडक बाजूवर जाऊन बसतो. दोन्ही एकाच जातीचे असले तर हे फारच लवकर होतं.

चकतीला उघडा हात लावायचा नाही, असा नियम होता. मिलिग्रॅमने तो केव्हाच धाब्यावर बसवला होता. चाचणी संपली की गरम चकतीवर तो अंगठा फिरवायचाच. हातमोज्यातून ओढ कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

सोमवारी कांडी अर्धा मिलिग्रॅम झिजली आणि चकती अडीचने वाढली. वरचे दोन आले कुठून? त्याने चकती धुतली, वाळवली, काटा तपासला. आकडा जागचा हलेना.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमच्या अंगठ्याचा ठसा आहे. नीट पुसा."

"तीनदा पुसला, बाई."

त्यांनी स्वतः पुसून पाहिला. मग चकती त्याच्यापुढे सरकवली आणि हात धुवायला गेल्या.

मिलिग्रॅमने अंगठा उजेडात धरला. जखम नव्हती, दुखत नव्हतं. एकही रेष नव्हती.

दुसऱ्या दिवशी उरलेली बोटंही गुळगुळीत झाली. वहीचं पान उलटेना, शर्टाची गुंडी सापडेना. डॉक्टरांनी मलम देऊन वाटेला लावलं. पण त्याच्या डोक्यात वेगळाच भुंगा शिरला होता. चकतीपुढे आपण मऊ बाजू ठरलो, ठीक. सहा वर्षांच्या लेकीपुढे मऊ कोण? त्यात ती तर आपल्याच हाडामांसाची.

त्याने तिला हात लावणं सोडलं. वेणी घालून देईना, शाळेतून आणताना दप्तराचा पट्टा धरून चाले. बायकोने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की पोरीने तुमचं काय घोडं मारलंय. सांगणार तरी काय? तो घाबरला होता, आणि लेकीला वाटत होतं बाबा रागावलाय.

"बाबा, हात धर ना," ती शाळेच्या फाटकाशी म्हणाली.

"तू मोठी झालीस आता."

ती फुरंगटली आणि तरातरा रस्त्यात उतरली. वळणावरून टेम्पो आला. त्याने काही विचार न करता तिचा हात पकडला आणि तिला मागे खेचलं. तीही भलती हट्टी. हात सोडवायला तिने तो त्याच्या मुठीत पिळला, ओढला, पुन्हा पिळला. टेम्पो गेला. त्याने मूठ उघडली तेव्हा दोघांचेही तळवे गरम होते.

त्याने तिथेच तिची बोटं पाहिली. रेषा जागच्या जागी होत्या. त्याच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर वहीचं पान पहिल्या झटक्यात उलटलं.

तो थबकला. अंगठा बोटांवर घासून पाहिला. खरखरीत होता. त्याला हसू फुटलं, डोळेही भरून आले. उगाच पोरीला चार दिवस रडवलं, असं त्याला वाटलं.

मग सवयीने त्याने अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

रेषा नव्या होत्या, स्वच्छ होत्या. मोजपट्टी लावली. मोठ्या माणसाच्या रेषांमध्ये असतं तेवढं अंतर नव्हतं. फार दाट होत्या. फार बारीक.

त्याने घरी फोन लावला. बायको घाईत होती.

"शाळेला उशीर होतोय. आज हिच्या हातून सगळं निसटतंय. पेला पडला, कंगवा पडला," ती म्हणाली. "आता मघापासून माझं बोट धरायला बघतेय, तर तेही धरता येत नाहीये तिला."