अकरावं कर्नेल

निकेत आमच्या शेडमध्ये आला तो आत्याने सांगितलेली दोन किलो सुपारी न्यायला. सुपारी राहिली बाजूला, पठ्ठ्या उभा राहिला माझ्या कॉम्प्युटरसमोर.

"ही आवृत्ती तर अजून बाहेर आलेली नाही... एप्रिलमध्ये येणार आहे. कोणी टाकली?"

"मी. का? बंदी आहे?"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर बारीकशी खळी पडली, आणि मी उगाचच ती पुन्हा पडते का, बघत बसले.

आमच्या श्रीवर्धनला सुपारी सोलून झाली की तिची प्रतवारी करावी लागते. पूर्वी ती शेडमध्ये सुपारी सोलणाऱ्या मनुबाईच्या नजरेवर चालायची. आता आमच्या सुपारीच्या सोसायटीत यंत्र आलंय. त्यातला कॅमेरा एकेक सुपारी बघून चांगली-किडकी वेगळी करतो, आणि ते यंत्र माझ्या ताब्यात आहे. त्याचा कॉम्प्युटर ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो. जगभरातले लोक मिळून बनवतात ती, फुकट! नवीन काही येणार म्हटलं की मला टाकून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तशी ही टाकली, आणि कॅमेऱ्याचं चित्र काळंकुट्ट झालं.

"कॅमेरा बिघडलेला नाही," निकेत म्हणाला. "नव्या आवृत्तीत कर्नेल नवीन आहे. ते याला ओळखत नाहीये."

"कर्नेल म्हणजे नक्की काय हो?"

"मुकादम. प्रोग्रॅमने काम सांगायचं, मुकादमाने यंत्राकडून करून घ्यायचं. नव्या कर्नेलमध्ये आठ हजार बदल झालेत. त्यातल्या एकाने घोळ घातलाय."

"आठ हजारांतला एक? तो कसा शोधणार?"

"अर्धे-अर्धे करून. अर्ध्या बदलांचं कर्नेल बांधायचं. चित्र दिसलं तर चूक उरलेल्या अर्ध्यात, नाही दिसलं तर याच अर्ध्यात. पुन्हा त्याचे अर्धे... तेरा वेळा केलं की एकच उरतो." तो जरा अडखळला. "तीन वर्षं मी अशा बाहेर न आलेल्या आवृत्त्यांच्या चाचण्या करतोय, पण स्वतः अशी चूक कधी शोधलेली नाही. एक कर्नेल बांधायला माझा लॅपटॉप अख्खा दिवस घेतो. रोज चारला एक घेऊन येईन. चालेल... तुम्हाला?"

तेरा दिवस! न चालायला काय झालं?

मग रोज चारला तो यायचा. घर उरणला, नोकरी नवी मुंबईतली, पण सध्या काम आत्याच्या ओटीवरून. तो कीबोर्डपाशी बसायचा आणि मी यंत्रामागच्या स्क्रीनसमोर उभी राहून ओरडायची — "दिसतंय!" किंवा "काळं!" कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईपर्यंतची दोन मिनिटं मात्र फक्त आमची.

"उरणला तुमची बाग नाही?"

"मिठागर होतं आजोबांचं."

"तरीच बोलणं खारट आहे."

"चव न बघता कसं सांगता?"

मनुबाईला नेमका तेव्हाच खोकला आला. सुपारी सोलायला शिकताना त्याचं बोट कापलं, तेव्हा हळद मीच लावली. लावून झाल्यावरही बोट माझ्याच हातात होतं... आणि तोही काढून घेत नव्हता.

अकराव्या दिवशी चित्र आलं. अगदी लख्ख.

"दिसतंय?" पलीकडून त्याने विचारलं.

आता दोनच दिवस उरले होते. चूक सापडली की हा गेला उरणला. मला वाटलं, उत्तर चुकलं तर घोळ होईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. माझ्या तोंडून निघून गेलं — "काळं."

घोळ झालाच नाही. शोध गुपचूप पुढे सरकला. तेराव्या दिवशी निकेत स्क्रीनकडे बघत डोकं खाजवत बसला.

"लॅपटॉपच्या पंख्याचा बदल निघालाय. पंख्याचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध? पण तुम्ही स्वतः बघितलंय, म्हणजे बरोबरच असणार. आज सातला कर्नेल कायम होणार, मग दुरुस्ती घेणार नाहीत. त्याआधी बनवणाऱ्यांना कळवायला हवं."

त्याने मेल लिहिली. ज्याचा बदल होता त्या बिचाऱ्याचं नाव घातलं. जगभरचे लोक ती वाचणार, आणि निकेतला हसणार.

"सांग की पोरी," मनुबाई माझं तोंड बघून म्हणाली. "तोंडात काय सुपारी हाय?"

"थांबा!" मी ओरडले. "अकराव्या दिवशी चित्र दिसत होतं."

"म्हणजे?"

"मी खोटं बोलले."

त्याने लॅपटॉपवरचा हात काढला. "एका निर्दोष माणसावर मी आळ घेणार होतो. का केलंत असं?"

"कारण दोनच दिवस उरले होते! तुम्ही मला आवडता, म्हणून. आता रागावून गेलात तरी चालेल... पण माझ्यामुळे तोंडघशी पडू नका."

त्याने खुर्ची ओढली, अकराव्याचं उत्तर बदललं आणि तो भराभर टाइप करू लागला. मी यंत्रामागे जाऊन डोळे पुसत उभी राहिले.

तासाभरात त्याचा आवाज आला. "बघा."

"काळं," मी म्हटलं. या वेळी खरं.

आणखी थोड्या वेळाने, "आता?"

"दिसतंय!"

सापडला! बदल कॅमेऱ्याचाच होता. पावणेसहाला मेल गेली, आणि साडेसहाला उत्तर आलं — चूक बरोबर पकडलीत, दुरुस्ती याच आवृत्तीत घेतो. निकेत खुर्चीतून उडालाच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, एका कर्नेलला अख्खा दिवस लागतो ना? आज दोन कशी झाली?"

त्याचे कान लाल झाले.

"चाळीस मिनिटं लागतात," तो कीबोर्डकडे बघत पुटपुटला. "तेराही कर्नेल दोन दिवसांत झाली असती."

"मग रोज एकच का आणत होतात?"

"तू एकदाच खोटं बोललीस, प्राप्ती. मी तेरा दिवस बोलत होतो."