इंग्लंड, अमेरिका आणि मलकापूरचं स्थळ

१९२१ साली सिकंदर पहिल्यांदा कोल्हापुरातल्या दुकानात आला तेव्हा अब्बा नमाजाला गेले होते, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा कुलसुमलाच घ्यावा लागला. अब्बा पुस्तकांच्या, वर्तमानपत्रांच्या जिल्दी बांधायचे आणि शाळा सुटली की पानं शिवायचं काम तिचं. शिवण्याआधी प्रत्येक पान वाचायचं, हा तिनं स्वतःच केलेला कायदा.

तिसऱ्या गठ्ठ्यात मात्र तिला संशय आला. पेन्सिलीच्या सगळ्या खुणा बायकांच्याच बातम्यांवर. इंग्लंडात तिशी ओलांडलेल्या, घरदार असलेल्या बाईला मताचा हक्क. अमेरिकेत एकविसाव्या वर्षीच. आणि मध्ये त्याच पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी – ‘बाईला हक्क दिले की संसार मोडतो.’

...याच माणसाचं स्थळ परवा मलकापुरातनं आलं होतं. शुक्रवारी अब्बा होकार कळवणार होते.

सोमवारी तो गठ्ठा न्यायला आला.

“पावणं, ही चिठ्ठी तुमची?”

त्याचे कान लाल झाले. “माझीच. कॉलेजात वादविवाद हाय. समोरचा काय म्हणंल ते लिवून काढलं.”

“आणि तुमचं म्हणणं कुठं हाय?”

“ते... पाठ हाय की. अमेरिका पुढं, असं म्हणणार.”

“कशात पुढं? परक्या देशातला नवरा केला की बाई आपल्या देशाची ऱ्हात न्हाय. दोन्हीकडं तसंच. शेवटच्या पानावर हाय. तिथं तुमची खूण न्हाय.”

तो वाचू लागला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग त्यानं हळूच खूण केली. “हे माझ्या ध्यानातच आलं न्हवतं.”

इतकं सरळ कबूल करतोय? तिचा संशय उलट वाढला – आणि छातीतली धडधडही.

“निकाहनाम्यात अट घालता येते,” ब्रशनं खळ ढवळत ती म्हणाली. “मॅट्रिक होईस्तोवर मी कोल्हापुरातच ऱ्हाणार. शाळेत.”

“आमचं अब्बा तापतील.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

“लिवून तर द्या,” तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी तो मलकापूरहून परत आला. चपला चिखलानं भरलेल्या, डोळे जागरणानं लाल. अटीच्या कागदावर दोन सह्या होत्या, एक त्याची, एक त्याच्या अब्बांची. तिनं दोन्ही उजेडात धरून तपासल्या.

“बसला इश्वास?”

“न्हाय. निकाहात काझीसाहेब ‘कबूल हाय का’ म्हणून तीनदा विचारतात. मी दोनदा गप बसणार.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“पडद्याच्या फटीतनं तुमचं तोंड बघीन...” ती पहिल्यांदाच हसली. “घाबरलेलं दिसलं, तर व्हय म्हणीन.”