एका माणसाचा जमाव

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात कोलाची बाटली होती आणि तिच्यात खारे शेंगदाणे तरंगत होते. आमच्या अमेरिकेच्या दक्षिणेत एकटे पुरुष याला जेवण म्हणतात.

"बाई, मला साखरेचा त्रास आहे. मी काय खाऊ?"

वर्लीन प्रूइटनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. "एवढे चकचकीत बूट घालून आमच्या गावात दोघंच येतात. प्रेत न्यायला, नाहीतर तपासणीला. आणि इथं कुणी मेलेलं नाही."

त्याचे कान लाल झाले. एमरी हॉकम, परवाना मंडळाचा तपासनीस. बिचाऱ्याला खोटं बोलायचाही परवाना नव्हता.

वर्लीन दर शनिवारी चर्चच्या तळघरात आहाराचा वर्ग घ्यायची. सात वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलेली, वडिलांची साखर ताब्यात आणलेली. पण परवाना नाही. आमच्या राज्यात बिनपरवाना माणसानं जमावाला सर्वसाधारण माहिती द्यावी. एकट्याला 'तू हे खा' म्हटलं की गुन्हा.

"वर्ग बंद करते म्हणून इथं सही करा," तो म्हणाला. "नाहीतर... एकाला जरी सल्ला देताना सापडलात, तर मीच बंद करीन."

"परवानावाली बाई नव्वद मैलांवर बसते. तोवर माझ्या म्हाताऱ्यांनी उपास करायचा? नाही करत सही!"

त्या कागदावर तिच्याच घरी राहणाऱ्या, वर्गाला मदत करणाऱ्या हेटीमावशींनी वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या.

मग तो दर शनिवारी मागच्या खुर्चीत, वही उघडून. ती पिठाच्या हातानं केस मागे सारायची – आणि पेन थांबायचं.

"हेही नोंदवलंत का, साहेब?"

"...नोंदवलं."

पाचव्या शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल सामना होता. असल्या दिवशी आमच्याकडे माणसं मरणसुद्धा पुढे ढकलतात. वर्गाला तो एकटाच; मावशी पलीकडे कोपऱ्यात वाल सोलत बसलेल्या. गाल बसलेले, हातात तीच बाटली. तिला राहवेना. पण समोर माणूस एकच...

"जमाव म्हणजे किती माणसं हो?"

त्यानं नियमावली चाळली. "दिलेलं नाही. पण... निदान दोन असावीत."

"मावशी! वाल राहू द्या, इकडे या!"

"कोण मेलं?" बहिऱ्या हेटीमावशी येऊन बसल्या.

वर्लीन व्यासपीठावर चढली. "लोकहो! राज्यातल्या काही तपासनिसांचे गाल बसलेत. अशांनी शेंगदाण्यांना जेवण म्हणू नये. रविवारी चर्च सुटलं की निळ्या दाराच्या घरी जावं. तिथं वाल असतात, मक्याची भाकरी असते. वही गाडीत ठेवावी. आणि हिंमत असेल त्यानं खुशाल तक्रार करावी!"

"हा आहार..." त्याचा आवाज चिरकला, "...किती दिवस चालू ठेवावा?"

"सर्वसाधारणपणे – जन्मभर."

त्यानं अहवालात लिहिलं: 'पाच शनिवार तपासले. फक्त सर्वसाधारण माहिती. जमाव समाधानी.'

रविवारी निळं दार वाजलं. मावशींनी आतूनच विचारलं, "कोण आलंय गं?"

वर्लीननं दार उघडलं. धुळीचे बूट, हात रिकामे.

"जमाव आलाय, मावशी," ती ओरडली. "ताट वाढा."