दर दहा श्वासांनी

पाण्यात उतरणारी माणसं निघाली नऊ, आणि तिथेच घोळ झाला. राखीव समुद्रात एकट्याने उतरायचं नाही, जोडीनेच उतरायचं असा नियम. चार जोड्या लागल्या, उरली ती. सोबत आलेल्या मावशीने तर पाण्याला पाय लावायलाच नकार देऊन छत्रीखाली बैठक मारलेली.

"चला... तुमची जोडी माझ्याशी," गाइड म्हणाला.

"जमली बाई एकदाची!" मावशी मोठ्यांदा म्हणाली. ती लाजेनं अर्धमेली झाली.

त्याने तिच्या मनगटाला पत्र्याचा बिल्ला बांधला. "बाहेर आलात की हा त्या फळीवरच्या खुंटीला लावायचा. सगळे बिल्ले लागल्याशिवाय बोट सुटत नाही. आणि दर दहा श्वासांनी जोडीदाराकडे बघायचं."

"विसरले तर?"

"मी बघेन ना."

झालं! खाली प्रवाळ, पिवळ्या माशांचा घोळका, एक कासव निवांत चरतंय... आणि ही बाई नळी तोंडात धरून श्वास मोजतेय. सात... आठ — आठव्यालाच त्याने बघितलं. मग पाचव्याला. मग तिसऱ्याला! चष्म्याच्या दुकानात रोज चाळीस जणांचे डोळे तपासणारी ती, पण या डोळ्यांचा नंबर काही कळेना. हा नियम पाळतोय, की मला बघतोय? की मला पोहताच येत नाहीये?

बाहेर आल्यावर त्याने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

"हाही नियम का?"

"नाही... म्हणजे, हो... म्हणजे, थंडी वाजेल," असं काहीतरी पुटपुटत तो नळ्या धुवायला पळाला.

"काय म्हणतो गं?" मावशीने विचारलं.

"काही नाही म्हणत."

"बघत तर होता."

"तो नियम आहे, मावशी!"

"आमच्या वेळी नव्हते बाई असले नियम."

कपडे बदलताना तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. परतीची बोट चारची. एकदा गेली की कुठला तो आणि कुठली ती! पण विचारायचं तरी कसं? आणि 'ड्युटी आहे' म्हणाला तर? शोभाच व्हायची.

ती चहाचा कप घेऊन धक्क्यावर आली, तर पाण्यात कुणीतरी शर्ट-बुटांसकट बुड्या मारत होतं. गाइडच तो!

"अहो, काय हरवलं?" तिने वाकून विचारलं.

"तुम्ही!" धापा टाकत त्याने वर बघितलं. "तुमची... खुंटी रिकामी होती."

तिने मनगटाकडे बघितलं. बिल्ला तसाच.

"पण मी केव्हाच बाहेर आले. तुम्हीच तर टॉवेल दिलात!"

"दिला होता..."

"मग?"

"मग काय, माहीत नाही. खुंटी रिकामी दिसली आणि डोकंच चालेना. तुम्ही गेलात असं वाटलं, आणि... इतकी वर्षं हे काम करतोय, पण असा कुणासाठी घाबरलो नव्हतो."

तिने चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, बिल्ला लावा! बोट खोळंबलीय," बोटवाला ओरडला.

"पुढची बोट कधी?" तिने विचारलं.

"साडेपाचला. शेवटची."

तिने बिल्ला खुंटीला लावला. बोट सुटली... ती आणि मावशी धक्क्यावरच राहिल्या. मावशी एकाएकी समुद्राकडे तोंड करून बसली.

तो निथळत वर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिने मनात मोजलं. नऊ... दहा... अकरा...

"आता आपण पाण्यात नाही," ती हळूच म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला, आणि बघतच राहिला.