तिकडचं चाक जरा फिरव

भुतांच्या गप्पा निघाल्या की माझे काका मोठ्यानं हसत उठून जायचे. "काम नसलेल्या माणसांना दिसतात ती," म्हणायचे.

आता हसत नाहीत. नुसतेच उठून जातात.

म्हणून सांगतो, यात पदरचं मी काहीही घातलेलं नाही.

काकांचं गॅरेज घराच्या खालीच आहे. हाताखाली कुणी माणूस नाही. आणखी दोन हात लागले की काका गाडीखालूनच ओरडतात, "अगं, खाली ये गं जरा!" काकू पदराला हात पुसत येते, ब्रेक दाबते, टॉर्च धरते. वर ऐकवते, "दूध उतू गेलं तर तुम्हीच पुसा."

ती गेल्या वर्षीची, सुट्टीच्या दिवशीची दुपार. लख्ख ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

एका शिक्षिकेची गाडी दुरुस्तीला आली होती. वळताना पुढच्या चाकातून टक टक आवाज यायचा. चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे एक्सेलच्या, जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस सगळं बाहेर उडालं होतं. धूळ आत जाऊन जॉइंट पार झिजला होता.

काका दुकानातून नवा जॉइंट आणि बूट घेऊन आले. पण चाकाचा मोठा नट काही केल्या हलेना; जोर लावला की नटाबरोबर चाकच फिरू बघायचं.

"अगं, खाली ये गं! ब्रेक दाब!"

जिन्यावर चपला वाजल्या...

गाडीचं दार उघडलं. सीट करकरली.

काकांनी पान्याला पाईप लावून सगळा जोर टाकला. नट सुटला.

"सोड!"

ब्रेक सुटला.

मान वर करून बघायचं काही कारणच नव्हतं.

मग त्यांनी गाडी स्टँडवर चढवली, एक्सेल ओढून काढला आणि गाडीकडे पाठ करून जुना जॉइंट ठोकून काढत बसले. नव्यात ग्रीस भरलं, बूट चढवला.

"वर दूध ठेवलंयस का?" काकांनी विचारलं.

उत्तर नाही.

म्हणजे रागावली. काका मनातल्या मनात हसले आणि एक्सेल घेऊन गाडीखाली सरकले.

एक्सेल आत बसेना. गिअरबॉक्सच्या आतले दात जुळत नव्हते. पलीकडचं चाक फिरवलं की ते दात फिरतात.

"तिकडचं चाक जरा फिरव."

आतले दात हळूच फिरले...

"बस. आता उलटं."

उलटे फिरले.

खट्ट! एक्सेल बसला. "शाब्बास!" काका म्हणाले.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

काकूचा होता.

"अहो, मी ताईकडे पोचले हो. तुम्ही दुकानात गेला होतात, म्हणून न सांगताच निघाले. जेवण झाकून ठेवलंय."



काकांनी मान वळवून गाडीखालून पलीकडे पाहिलं. चाकाजवळ पाय नव्हते. नुसती फरशी. तिच्यावर ऊन.

आणि ते चाक... सावकाश... फिरायला लागलं.

"अहो? ऐकताय ना?"

काकांच्या तोंडून निघून गेलं, "बस..."

चाक थांबलं.

सांगितल्याबरोबर थांबलं.

काका कसे बाहेर आले, त्यांनाही आठवत नाही. शर्ट फाटला, कोपर सोलवटलं. भर उन्हात ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. समोरचा शिंपी धावत आला.

"काका, चेहरा असा पांढराफटक का पडलाय?"

काका म्हणाले, "एकटा सोडू नकोस मला."

नट परत आवळायचा होता. शिंप्यानंच ब्रेक दाबला. पण आधी त्याला सीटवर बसताच येईना. इतका किडकिडीत माणूस, तरी मावेना.

"सीट एवढी पुढे कुणी ओढलीय हो? लहान पोरसुद्धा बसायचं नाही इथं."

काकांनी पान्यावर जोर टाकला.

संध्याकाळी शिक्षिका आल्या. काकांनी धीर करून विचारलं, "बाई, ही गाडी आधी कुणाची होती?"

"कुणाची नाही. नवी कोरी घेतली आम्ही. का हो?"

"सहजच."

गाडी निघून गेली. टक टक आवाज बंद झाला होता. काम चोख झालं होतं. पण काकांना कळून चुकलं, जे काही होतं, ते गाडीबरोबर आलेलं नव्हतं.

म्हणजे गाडीबरोबर गेलेलंही नव्हतं.

त्या दिवसापासून काका हाक मारत नाहीत. स्वतः वर जातात आणि काकूला सोबत घेऊन खाली येतात. काकूला त्यांनी कारण सांगितलं नाही. घाबरेल म्हणून.

परवा ते दुकानातून सामान घेऊन परतले. काकू गॅरेजमधल्या गाडीत बसली होती. पाय ब्रेकवर.

"किती वेळ दाबून धरू? पाय भरून आला माझा," ती कुरकुरली.

"तुला... कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच नाही का आत्ता गाडीखालून ओरडलात?"

काका गाडीसमोर उभे होते. हातात पिशवी तशीच.

गाडीखाली वाकून बघायची हिंमत त्यांना झाली नाही.