एक्केचाळिसावी ओळ

नांदुऱ्याला स्टेशनामागच्या घरात उद्धव आणि शरयू सहा वर्षं एक वही दोघांत चालवत होते. पुण्याची एक कंपनी परदेशी इमारतींचे सांडपाण्याचे नकाशे पाठवायची. नकाशांवर नुसती अक्षरं असत: आय.सी., एफ.टी., व्ही.पी. उद्धव निवृत्त ओव्हरसीअर. तो डावीकडे पेन्सिलीने ती अक्षरं उतरवून त्यांचा अर्थ लिहायचा: तपासणीचं चेंबर, न्हाणीतला ट्रॅप, हवेचा पाइप. शरयूने अकोल्याला कॉलेजात फ्रेंच शिकवलेलं. ती उजवीकडे हिरव्या शाईने फ्रेंच शब्द लिहायची. त्याला फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं. "गटार तुमचं, भाषा माझी," असं ती चिडवायची.

मार्चमध्ये ती न्हाणीत पडली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, चक्कर आली असेल. पुण्याच्या मुलीला, मनालीला, उद्धवने तेच सांगितलं.

खरं वेगळं होतं. इकडचं पाणी खारं. न्हाणीच्या जाळीची भोकं महिन्याभरात पांढरी होऊन बुजतात. त्या सकाळी त्याने जाळी काढून ॲसिडच्या बादलीत टाकली, आणि जाळीखालचा ट्रॅप, पाणी जायचा खड्डा, उघडाच राहिला. तिचा पाय त्यात गेला. मनालीला हे कधीही कळू नये, एवढंच आता त्याला हवं होतं. एकच मुलगी उरली होती.

शरयूचं शेवटचं काम अर्धवट होतं. एका वसतिगृहाचे नकाशे. उद्धवने ते पुरं करायचं ठरवलं. उजवीकडचे शब्द तो तिच्या जुन्या वह्यांतून बघून बघून उतरवायचा. पानाचा फोटो मनालीला गेला की ती टाइप करून कंपनीला पाठवायची. आईने तिला लहानपणी थोडं फ्रेंच शिकवलं होतं.

चाळीस ओळी झाल्या. छापील नकाशात पुढची अक्षरं होती जी.एन.आर.

तळमजल्याच्या एका न्हाणीत, ट्रॅपच्या शेजारी. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याने ती पाहिली नव्हती. न कळलेलं अक्षर कंपनीला विचारायचं, हा दोघांचा नियम. त्याने विचारलं. उत्तर आलं, आमच्या नकाशात असं काही नाही. त्याने शरयूच्या लॅपटॉपवर मूळ नकाशा उघडून पाहिला. तिथंही नव्हतं.

छपाईचा दोष असेल म्हणून तो बसस्टँडजवळ आसिफच्या दुकानात नकाशा पुन्हा छापायला गेला. आसिफने मोठा कागद काढता काढता विचारलं, "काका, एवढे संडास! गाव बसवून राह्यले काय कुठं?"

उद्धव हसला. मग त्याने कागद पाहिला. ती अक्षरं आता प्रत्येक न्हाणीत होती.

घरी येऊन त्याने नकाशावरच्या त्या अक्षरांवर खोडरबर घासला. कागद झिजला, अक्षरं राहिली. शेवटी एक्केचाळिसावी ओळ उजवीकडे कोरी ठेवून त्याने फोटो पाठवला.

दुपारी दोनला मनालीचा फोन आला. कूलर घरघरत होता, त्याने तो बंद केला.

"बाबा, एक्केचाळिसावी आईनंच भरून ठेवली होती काय?"

"नाही बेटा. कोरीच आहे."

"फोटोत तर आहे. हिरवी शाई, तिचंच अक्षर. 'ग्रीय नों रमीज'. जी, एन, आर." ती थांबली. "जाळी परत बसवली नाही. कोणती जाळी, बाबा?"

त्याने वही ओढली. ओळ कोरी होती. हात फिरवला. कोरडा कागद.

"नकाशातली असन," तो म्हणाला.

"थांबा. खाली बेचाळिसावी पण आहे. 'कात्र व्हीस'. चार स्क्रू."

उद्धवने न्हाणीच्या दाराकडे पाहिलं.

त्या सकाळी तो धावत न्हाणीत गेला तेव्हा शरयूचे डोळे उघडे होते. ती त्याच्याकडे पाहत होती. त्याने आधी जाळी धुऊन बसवली. चारही स्क्रू पिळले. मग बाहेर जाऊन शेजारच्या वाहेदभाईला ऑटो काढायला सांगितलं.

हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

"बाबा?"

त्याने वही मिटली.

"हा फोटोच आहे नं?" मनालीचा आवाज बारीक झाला होता. "त्रेचाळिसावी ओळ मघाशी नव्हती."

न्हाणीत पाणी पडल्यासारखा आवाज आला.

"आता अर्धी झाली."